पप्पांच्या वाट्याचे वचन

६ नोव्हेंबर २००१, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. पप्पांच्या बोटातला थेंब पट्टीवर घेऊन मी साखरेचा आकडा वहीत लिहिला: २३८. इन्सुलिन भरून परत आले, तेव्हा त्यांनी शर्टाची बाही खाली ओढून बटण लावले होते.

"आता न्हाय लागायची सुई. काल बरा झालोय मी."

आदल्या संध्याकाळी राजारामपुरीतल्या आमच्या घरी चर्चच्या मंडळीची प्रार्थना होती. रीत अशी, की गोलात बसलेल्यांनी ओळीने बायबलमधले एकेक वचन वाचायचे आणि ते आपल्याशी काय बोलले ते सांगायचे. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याच्यासाठीच ठेवलेले, असे सारे मानत. त्या दिवशीचा उतारा अवघड होता: आजाऱ्याने मंडळीच्या ज्येष्ठांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील, अशा अर्थाचा. प्रयोगशाळेतून उशिरा येऊन मी पप्पांच्या अलीकडे बसले, आणि क्रम एकाने सरकला. मी नसते तर बोलावण्याचे वचन त्यांचे झाले असते. ते मी वाचले. 'वाचवील' हे वचन त्यांच्याकडे गेले. मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी तिथेच होते. त्यांनी तेल लावले.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मला इन्सुलिनवाचून शरीरात काय घडते ते पायरीपायरीने ठाऊक होते. बुधवारी २९६. गुरुवारी ३२०. शुक्रवारी मी तो उतारा प्रयोगाची नोंद तपासावी तसा तपासला: कोणी काय करायचे आहे?

"पप्पा, इथं आजाऱ्याला एकच काम दिलंय, बोलवायचं. विश्वास मागितलाय तो प्रार्थना करणाऱ्यांचा. सुई घेतली म्हणून तुमचं काही मोडत नाही."

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेऊन उतारा पुन्हा वाचला.

"म्हंजे सुई घेतली तर माझा विश्वास खोटा ठरत न्हाय. गुरुजींचा ठरतो."

"तसं नाही, पप्पा."

"मग कसं? तूच म्हणालीस की. चाळीस वर्सं मानतोय त्या माणसाला. एवढी शिकलीस, ते त्यांचं नाक कापायला व्हय?"

माझा युक्तिवाद निर्दोष होता, आणि त्यानेच उरलेली वाट बुजवली. आता ते स्वतःसाठी नव्हे, गुरुजींसाठी नकार देत होते. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभे राहून त्यांनी बरे झाल्याची साक्ष दिली. बोलताना दोनदा पाणी मागितले. त्या सकाळचा आकडा ३९१ होता.

सोमवारी त्यांच्या श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येऊ लागला. मी धावत गुरुजींच्या घरी गेले. टेबलावर बायबलशेजारी गोळ्यांचे पाकीट होते.

"गुरुजी, ही कशाची गोळी?"

"बीपीची. अकरा वर्षं झाली."

"हे पप्पांना सांगाल?"

"साक्ष झालीय गं मंडळीसमोर. आता मी कुठल्या तोंडानं सांगू? गुरुवारी चर्चचे पाळकसाहेब येतायत, त्यांनाच सांगू दे."

"गुरुवारपर्यंत ते राहायचे नाहीत. त्यांच्या रक्तात आम्ल साठतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाकीट खिशात घातले आणि चपला शोधू लागले.

पप्पा पलंगावर धापा टाकत होते. गुरुजी पायाशी बसले. शास्त्रातले एक अक्षरही ते बोलले नाहीत. माझ्याकडून पाणी मागून घेऊन त्यांनी पप्पांच्या देखत गोळी गिळली.

"कधीपास्नं?" पप्पांनी विचारले.

"अकरा वर्षं."

"आन् बोलला न्हाईसा."

"कुणी विचारलं नाही रे."

पप्पांनी डोळे मिटले. मग बाहीचे बटण काढू लागले. बोटांना जमेना, तेव्हा गुरुजींनीच ते काढले. मी आधी थेंब घेतला, मग सुई टोचली, आणि गुरुजी खाली रिक्षा थांबवायला गेले.

पुढचे आकडे रुग्णालयाने लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा गेले. देवळात त्यांच्या अंत्यविधीसाठी जो उतारा निवडला तो सोपा होता, कोणालाच अर्थ लावावा लागला नाही. माझ्या वहीत त्या सोमवारची, सुईआधीची नोंद शेवटची आहे. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे: ५३४.