शालूबाईच्या बोटाचे डोळे

कुरुंदवाडच्या शालूबाईला मासा दिसायच्या आधी कळायचा. लहानपणी पंचगंगेच्या काठी भाऊ गुंडू गळ टाकायचा आणि दोरी हिच्या तर्जनीवर द्यायचा. हिसके देतोय तो शिंगटा, मुकाट ओढतोय तो मरळ. पोरगी पाण्याकडं न बघता सांगायची आणि सहसा चुकायची नाही. "आमच्या शालीच्या बोटाला डोळं हाईत," असं गुंडू गावभर सांगत फिरायचा. आता गुंडू नाही, पण त्याचं ते बोलणं म्हातारीला अजून आठवतं.

लग्न होऊन ती राधानगरीकडं गेली. तिथं नदीपेक्षा म्हशींशीच गाठ पडली. पंचेचाळीस वर्षं तिनं त्याच बोटांनी धारा काढल्या. मग अंगात साखर शिरली आणि गेल्या आठ महिन्यांत बोटं बधिर होत गेली. एकदा तव्यावर बोट भाजलं, तेही वास आल्यावर कळलं. पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही. कळलं असतं, तर घरच्यांनी तिला गोठ्यात आणि चुलीपाशी फिरकू दिलं नसतं.

डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा उदयसिंह तिला आणि नात मोनाला देवगडच्या खाडीत मासेमारीला घेऊन गेला. होडी आणि वाट दाखवायला बाबल नावाचा तिथलाच माणूस होता. त्यानं पुढं केलेली गळाची चकचकीत काठी शालूबाईनं परत केली.

"मला नुसती दोरी द्या, पावणं."

गुंडूनं वाखाणलेलं ते कळणं बोटात थोडं तरी उरलंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

"आजी, खेचा! मासो लागलो!" दोरी ताणलेली बघून बाबल ओरडला. तिला काहीच जाणवलं नव्हतं. दोरी वर आली, तर गळाला लावलेली कोळंबी गायब. दुसऱ्यांदाही तेच.

"आई, नदीवर लई मासं धरायचीस म्हनं!" उदयसिंह हसला.

म्हातारीचा चेहरा उतरला. पण हार मानेल ती शालूबाई कसली! तिसऱ्यांदा तिनं दोरी बोटावरून काढली आणि सरळ ओठांत धरली. थोड्या वेळानं ओठांवर ओढ आली, मुकाट आणि दमदार. अगदी पंचगंगेतल्यासारखी! तिचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी तिनं दोरी ओढली आणि भली थोरली तांबोशी मासळी होडीत येऊन आपटली. मोना टाळ्या पिटत नाचायला लागली.

"पण आई, दोरी तोंडात कशापायी धरलीस?"

आता तिला खोटं बोलवेना. "बोटांस्नी कळंना झालंय, बाळा. आठ म्हैनं झालं."

उदयसिंहचं हसू मावळलं. तो तिचा हात हातात घेऊन एकेक बोट दाबायला लागला.

"ह्ये कळतंय?"

"न्हाय."

"आन् ह्ये?"

"न्हाय."

करंगळीपर्यंत त्यानं सगळी बोटं दाबून बघितली. "आगं, सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलं असतं, तर दोरी दिली असतीस व्हय हातात?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले, गळाला नवी कोळंबी लावून पाण्यात सोडली आणि दोरी स्वतःच आईच्या ओठांपाशी नेली.