भिंतीवरची माझी पाठ

“मावशी, जरा वाका ना. फोटोत वाकलायत तशा.”

फोटोवाले साहेब हसत म्हणाले. शिरूरच्या संग्रहालयात, भरल्या हॉलात. भिंतींवर सगळे बिबटे. झाडावरचे, विहिरीच्या काठावरचे, पिलांना चाटणारे. प्रत्येकाखाली नाव. राणी, शेरू, काय काय. आणि मधोमध मी. उसात खुरपणारी, कमरेत वाकलेली, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. खाली लिहिलेलं, ‘सहजीवन’. माझं नाव नाही.

हा फोटो कधी काढला, मला पत्ता नाही. साहेबांनी आप्पांना विचारलं होतं म्हणे. रान आप्पांचं. रानातली ढेकळं त्यांची, तशी मीही.

शिरूरला न्यायला सकाळी आप्पा स्वतः जीप घेऊन आले, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. एरवी आमच्या वस्तीकडे त्यांची जीप मतं मागायलाच वळते.

“पट्टा घे बरूबर,” ते म्हणाले.

“कशाला आप्पा? शिरूरला कुठं बिबट्या हाय?”

“सायबांना दावायचाय. चल गुमान.”

हॉलात पट्टा घातला. मोबाइल निघाले. एका बाईनं खिळ्याला बोट लावून पाहिलं, मला न विचारता. मग साहेब म्हणाले, वाका.

आमच्या शेजारची पारूबाई अशीच वाकली होती, उसाच्या कडेला गवत कापताना. बिबट्यानं मानेलाच धरलं. तेव्हापासून आम्ही बाया पट्टा घालतो. आप्पांच्या घरच्या बाया घालत नाहीत. त्यांना उसात शिरावं लागत नाही.

खोटं कशाला सांगू, कंबर अर्धी वाकली होती. आप्पांपुढं ताठ उभं राहायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं. तेवढ्यात भिंतीवरची मी दिसले. तोंड नाहीच. नुसती पाठ. कंबर सरळ केली.

“न्हाई वाकणार.”

आप्पा कानाशी आले. “उद्या कामाला यायचंय ना?”

“यायचं हाय. कामाला वाकीन. लोकांनी बघावं म्हून न्हाई. आन् सायेब, त्यो फोटो उतरवा. मला इचारलं न्हाई तुमी.”

“अहो, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!” साहेब म्हणाले.

आमच्यासाठी? मग नाव का नाही?

पट्टा काढला, पिशवीत टाकला, एसटीनं परत आले. फोटो अजून तिथंच आहे. आप्पांचा कामाचा निरोप आलेला नाही. न येवो.

रविवारी वस्तीवरच्या सगळ्या बायांना घेऊन मी पुन्हा त्या हॉलात जाणार आहे. पट्टे घरी ठेवून. फोटो उतरेपर्यंत आम्ही त्याच्यासमोरून हलणार नाही. ताठ उभ्या राहू. त्यांना आमची तोंडं बघावीच लागतील.