वाल्देलीसचं ओलं फडकं

कामासारीच्या आमच्या कारखान्यात फिनॉलची टाकी चोवीस वर्षं वाल्देलीसने सांभाळली. काम सांगायला सोपं. फिनॉलच्या रेणूतल्या कड्याला हायड्रोजन पाजायचा आणि कडं अर्धवट भरलं की थांबायचं. एक घोट जास्त गेला की अख्खी खेप वाया. पाजणारी दाई म्हणजे पॅलेडियमची काळी भुकटी. दाबाच्या काट्याची चाल जराशी मंदावली की वाल्देलीस झडप मिटायची. साहेब आकडे घेऊन येईपर्यंत हिचं काम उरकलेलं असे.

"कसं कळतं गं, कोमाद्रे?" मी विचारी. माझ्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून ही हाक.

"तुझी बायको भात काय काटा बघून उतरवते?"

भुकटी गाळलेलं फडकं ती कायम पाण्यात ठेवी. हायड्रोजन प्यायलेली भुकटी सुकली की आपसूक पेटते. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी बजावी, "हे फडकं दोरीवर दिसलं, तर शेजारी तुझं कातडं टांगीन!"

सां जुआंवच्या सणाची आदली दुपार. जेवणघराच्या दारातून मला ती कठड्यावर काहीतरी वाळत घालताना दिसली. ॲप्रन असेल, म्हटलं. उकडलेला मका संपवून मी परतलो, तर कठड्यावर काळं फडकं, नीट चिमटे लावलेलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या काठावरून एक लाल रेघ धावली. ना काडी, ना ठिणगी. फडकं भडकलं. चार पावलांवर हायड्रोजनचा नळ! मी बादलीमागून बादली ओतली. अंगातलं बळ सरलं तेव्हा कुठे ते विझलं.

वाल्देलीस धावत आली. "कुठल्या गाढवाने टांगलं हे? आजच घालव त्याला, जुरांदिर! असल्या हातात झडप द्यायची नसते."

"कोमाद्रे, तूच टांगलंस."

ती हसली. "सणाची दारू आजच चढली वाटतं तुला?"

मी हसलो नाही. तिची नजर आपल्या हातांवर गेली. मनगटापर्यंत काळे. बोटं तिने ॲप्रनला पुसली, पुन्हा पाहिली. तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं.

"मला आठवत नाही रे," ती म्हणाली. "काहीच नाही."

मग तिने झडपेची किल्ली कमरेची सोडून माझ्या तळहातावर ठेवली.

"चल माझ्याबरोबर साहेबाकडे. तिथे पोचेपर्यंत मी विसरले, तर तू सांग."