तिरका धक्का

आमच्या कॉलनीत एक वाक्य अजून फिरतं आहे: धक्का तिरका बसला की एअरबॅग उघडत नाही. वॉचमन ते सांगतो. किराणा दुकानदार सांगतो. ज्या मुलीच्या अपघातावरून ते निघालं, ती स्वतःही चारचौघांत ते सांगत असे. ते वाक्य माझं आहे आणि त्या अपघातापुरतं ते खोटं आहे. ते मागे घेण्यासाठी हे लिहितो आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होतो. मशीनवरून उतरलेला तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा, पास किंवा नापास ठरवायचा. निवृत्तीनंतर ती सवय गाड्यांवर वळली. कॉलनीत कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की रविवारी सकाळी मला बोलावणं यायचं. मी एक लहानसं चुंबक खिशात टाकून निघायचो. पत्र्याला ते चिकटलं नाही की समजायचं, खाली पोचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. टायर, दारांच्या फटी, बोल्टांवरचा रंग, सगळं बघून मी एकच शब्द सांगायचो. ‘इन्स्पेक्टरनं पास केलीय’ एवढं आमच्या चार इमारतींत पुरत असे. पैसे मी कधी घेतले नाहीत. चहा घेतला आणि मान घेतला.

‘इन्स्पेक्टर’ हे नाव मला कारखान्यातल्या एका मित्रानं दिलं होतं. आम्ही वीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला. आता तो आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. त्याला एकच मुलगी. तिला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोज कधी एसटी, कधी वडाप जीप. पावसाळ्यात ती भिजून घरी यायची. शेवटी मित्रानं ठरवलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची. आणि घ्यायची ती उंच, चौकोनी, डब्यासारखीच, कारण त्याच्या बायकोचे गुडघे गेलेले. खाली वाकून गाडीत बसणं तिला जमत नव्हतं.

त्याच महिन्यात माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. ती चौतीस वर्षांची होती. एकदा साखरपुडा होऊन मोडला होता. त्यानंतर किती घरं पोहे खाऊन गेली ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. अशात गंगापूर रोडकडचं एक कुटुंब आलं. मुलगा शांत, बोलण्यात नीट. माझी मुलगी बऱ्याच दिवसांनी बाहेरच्या माणसांसमोर हसली. निघताना मुलाचे वडील जिन्यात म्हणाले, “आमची एक गाडी द्यायची आहे. छोटी, डबा टाइप. कुणी असेल तर सांगा.” मी लगेच म्हणालो, “आहे ना! घरचंच गिऱ्हाईक आहे.” मनात म्हटलं, दोन्ही घरांचं काम होईल आणि सोयरीकही घट्ट होईल. ही गाठ मीच घातली, हे आधी नोंदवतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या बंगल्यावर गेलो: मित्र, त्याची बायको, मुलगी आणि मी. अंगणात करड्या रंगाची गाडी धुऊन उभी होती. पाठ सुरीनं कापल्यासारखी सरळ.

“काका, ही गाडी आहे की चाकं लावलेला फ्रीज?” मित्राची मुलगी मला म्हणाली.

“गप गं,” मित्र म्हणाला. “फ्रीज तर फ्रीज. तुझी आई ताठ बसली पाहिजे.”

त्याची बायको पुढच्या सीटवर बसून बघत होती. “खुर्चीत बसल्यावानी वाटतंय,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, आता माझं काम उरलंच नाही.

मी चुंबक फिरवलं. सगळीकडे चिकटलं. पण बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे ते कधीतरी काढलं किंवा बदललं होतं. एवढ्यानं काही ठरत नाही. मग मित्राची बायको उतरली, मुलगी मागच्या सीटवर बसली, मी चालकाच्या जागेवर बसलो आणि चावी अर्धी फिरवली.

इथे थोडं समजावून सांगतो. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी मीटरमध्ये छोटे दिवे लागतात. त्यातला एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी आपोआप विझतो. म्हणजे एअरबॅगचा फुगा जागेवर आणि ठीक आहे. ऑइलचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतो. या गाडीत मी दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं, एअरबॅगचा दिवा विझला नाही. इंजिन सुरू केलं, आणि दोन्ही दिवे एका क्षणी गेले. मी हे तीनदा करून पाहिलं. त्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडली होती. असं एकाच कारणासाठी करतात. गाडी मोठी धडकलेली असते, फुगे उघडून गेलेले असतात, आणि नवे बसवण्याऐवजी वरची झाकणं चिकटवून टाकलेली असतात. मी सीटचा पट्टा ओढून पाहिला. वरच्या कडीतून जातो त्या जागी तो घासून चकाकत होता, जसा जोराचा झटका बसल्यावर होतो.

मुलाचे वडील खिडकीशी उभे होते. त्यांचा हात गाडीच्या टपावर होता.

“काय बघताय एवढं?”

“दिवे,” मी म्हणालो.

“अहो, तुमच्या मुलीला बघायला आलो, तेव्हा आम्ही इतकं तपासलं नव्हतं!”

सगळे हसले. मित्र सर्वांत मोठ्यानं. मागच्या सीटवरून त्याची मुलगी म्हणाली, “काका, लाजताय काय!” मीही हसलो. मग ते गृहस्थ थोडे वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “मंगळवारी कळवतो. तसं घरात मत झाल्यासारखंच आहे.”

ती धमकी होती असं मी म्हणणार नाही. कदाचित ते आनंदात होते. दिव्याचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. गाडी धडकली तेव्हा ती कोण चालवत होतं, हेही विचारलं नाही, आणि त्याच घरात मी मुलगी देणार होतो.

“काय भो इन्स्पेक्टर,” मित्रानं हाक मारली, “पास का नापास?”

मी गाडीतून उतरलो. गुडघ्यावरची धूळ झटकली, जी नव्हतीच.

“पास,” मी म्हणालो.

मंगळवारी होकार आला. तीन महिन्यांत माझ्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत मित्र हातात श्रीखंडाची वाटी घेऊन आग्रह करत फिरत होता.

मित्राच्या मुलीची निघायची वेळ साडेसातची. मी त्याआधी गॅलरीत येऊन उभा राहायचो. ती खालून दोनदा दिवे चमकवायची, म्हणजे काकांना नमस्कार. मी हात वर करायचो. मग संध्याकाळी सहापर्यंत माझं लक्ष फाटकाकडे. पेपरातलं जिल्ह्याचं पान मी आधी वाचू लागलो. सिन्नरच्या घाटात काही झालं, एवढी ओळ दिसली की गाडीचा रंग सापडेपर्यंत डोळे पुढे पळायचे. थंडीत त्या रस्त्यावर सकाळी धुकं उतरतं. अशा दिवशी मी तिला खाली जाऊन सांगायचो, हळू जा, अंतर ठेव.

“काका, तुम्ही माझ्या आईपेक्षा जास्त भिता,” ती म्हणायची.

एकदा मित्राला म्हणालो, “विकून टाक ना ही. नवी घे.” तो म्हणाला, “का? तूच तर पास केली. लय भारी चाललीय.” एकदा सर्व्हिसिंगच्या नावाखाली मी ती गाडी दूरच्या एका गॅरेजला नेली आणि फुगे नव्यानं बसवता येतील का विचारलं. मेकॅनिकनं स्टिअरिंगवरचं झाकण काढून मला आतली रिकामी जागा दाखवली. कसं करावं लागेल, किती लागेल, ते सांगितलं. मग विचारलं, “घेताना कुणी बघितली नव्हती का?” मी झाकण परत लावायला सांगितलं. गाडी धुऊन आणली. मित्राच्या बायकोनं मला वाटीभर लाडू दिले.

असं दीड वर्ष गेलं. त्या काळात कुठल्याही दिवशी एक जिना उतरून मी सांगू शकलो असतो. मुलीचा संसार अजून नवा आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

डिसेंबरात एका सकाळी तिनं दिवे चमकवले, मी हात वर केला, आणि तासाभरानं मित्र चप्पल न घालता वर आला. घाटात धुक्यात कांद्याची ट्रॉली पुढे होती, मागे दिवा नव्हता. तिनं ब्रेक मारला तेव्हा उशीर झाला होता. पट्टा लावलेला होता म्हणून जीव राहिला. पण तोंड स्टिअरिंगवर आदळलं. जबडा तुटला, आणि डावा डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मित्रानं माझा हात धरला. “गाडी दणकट निवडलीस म्हणून पोरगी राहिली रे,” तो म्हणाला. मी हात सोडवला नाही.

तेवढ्यात तिच्या मामानं विचारलं, “पण एअरबॅग कशी उघडली नाही?” आणि सगळे माझ्याकडे वळले, जसे नेहमी वळतात.

मी म्हणालो, “धक्का तिरका बसला की उघडत नाही.”

तोवर मी गाडी पाहिलीही नव्हती. ती पाहिली दोन दिवसांनी, पोलीस चौकीच्या आवारात. पुढचा भाग डावी-उजवीकडे सारखाच आत गेला होता, प्रेसखाली ठेवून दाबल्यासारखा. यापेक्षा सरळ धक्का असू शकत नाही. माझे व्याहीही दवाखान्यात तिला बघून गेले. शहाळं घेऊन आले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

प्रयोगशाळेतलं काम तिला सोडावं लागलं. आता ती त्याच कारखान्याच्या कार्यालयात बसते आणि कंपनीच्या बसनं जाते.

या वर्षी उन्हाळ्यात, दुपारी, ती वर आली. “काका, रविवारी मोकळे आहात? द्वारका चौकाजवळ एक गाडी बघितलीय. परत डबाच. आई दुसऱ्या कशात बसायला तयार नाही. ड्रायव्हर ठेवू. पण तुम्ही पास म्हणाल्याशिवाय बाबा हो म्हणणार नाहीत.”

मी तिला बस म्हणालो. सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं.

“म्हणजे तुम्हाला तिथेच कळलं होतं? मी मागे बसले होते तेव्हा?”

“हो.”

“आणि दवाखान्यात बोललात ते?”

“तेही खोटं. धक्का सरळ होता. मी गाडी पाहिली.”

समोरच्याकडे नीट बघायचं तर तिला आता पूर्ण मान वळवावी लागते. तिनं ती वळवली.

“काका, मला त्या वेळचं काही आठवत नाही. सगळे म्हणाले धक्का तिरका होता, म्हणून मी धरून चालले की मीच घाबरून स्टिअरिंग फिरवलं. ऑफिसात म्हणतात, बाया अशाच घाबरतात. मी पण तेच म्हणते, हसून. दोन वर्षं. मी सरळच होते ना?”

“सरळच होतीस. दोन्ही चाकं सरळ होती.”

हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. माझ्या एका वाक्यानं मी स्वतःला झाकत होतो. ते तिच्या अंगावर जाऊन पडलं, हे मला ती सांगेपर्यंत दिसलं नाही.

“लिहून द्या,” ती उठत म्हणाली. “माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतात. आणि बाबांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

संध्याकाळी मी खाली गेलो. मित्र टीव्हीसमोर होता. मी बोलायला लागलो तसा त्यानं आवाज कमी केला, मग बंद केला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“तेव्हा तुझ्याकडे बोलणी चालू होती,” तो म्हणाला.

“हो.”

“तुझी पोरगी सुखात आहे ना तिकडे?”

“आहे.”

“बरं,” तो म्हणाला आणि टीव्ही परत लावला. मला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. थोड्या वेळानं मी उठलो. तेव्हापासून जिन्यात माझी चाहूल लागली की त्यांचं दार आतून लोटलं जातं.

हे लिहायला घेतल्यावर मी माझ्या मुलीला फोन केला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिला माझ्याकडून कळावं म्हणून. सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, “त्या गाडीला धडक कशी बसली होती? कोण चालवत होतं?”

मी म्हणालो, “मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.”

“मी विचारते,” ती म्हणाली.

त्याला अकरा दिवस झाले. रोज एकदा तरी येणारा तिचा फोन तेव्हापासून आलेला नाही, आणि मी केला तर तो उचलला जात नाही.