आभार मानून फरार

फरार होण्याचं काम आमच्या साडूंइतकं वाईट आजवर कोणीही केलेलं नसेल, हे मी पेणच्या कोणत्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. फरार माणसानं मिशी काढावी एवढं त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ती काढलीही. पण खुर्चीत बसल्या बसल्या ती का काढतोय हे त्यांनी न्हाव्याला सविस्तर सांगितलं, मागच्या बाकावरच्या गिऱ्हाइकांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून त्यांच्याकडे वळून पुन्हा सांगितलं, आणि निघताना सगळ्यांचे आभार मानले. आभार मानणं हे साडूंचं व्यसन. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची सभा असो, शेवटी माइक त्यांच्या हातात जाणार हे अख्ख्या रोह्याला माहीत. मंडपवाल्यापासून सुरुवात करून चपला सांभाळणाऱ्यापर्यंत एकालाही ते सोडत नाहीत. एका शोकसभेत तर त्यांनी खुद्द दिवंगतांचे आभार मानले होते, ‘ज्यांच्यामुळे आज आपण सर्व एकत्र जमू शकलो’ म्हणून.

तर असा हा माणूस नोकरीला होता एका सरकारी खात्यात, आणि त्याचं काम होतं नदीच्या पाण्याचे नमुने भरणं. नदीला कारखान्याचा नाला मिळतो तिथे, खालच्या अंगाला उभं राहून बाटल्या भरायच्या, असा नियम. पण साहेबांचा तोंडी हुकूम असा, की बाटल्या नाल्याच्या वरच्या अंगाला भराव्यात. तिथलं पाणी नितळ असल्यामुळे अहवालही नितळ येई. खालच्या गावांत मासे उलटे होऊन तरंगत, गुरं पाण्याला तोंड लावत नसत, आणि कागदावर मात्र नदी हसत-खेळत वाहत होती. पुढे ‘स्वच्छ नदी’ म्हणून खात्याचा सत्कार ठरला. व्यासपीठ सजलं, पाहुणे आले, भाषणं झाली, आणि नियतीनं आभारप्रदर्शन साडूंकडे दिलं. मंडपवाला झाला, हारवाला झाला, मग साडू त्याच सुरात म्हणाले, “नाल्याच्या वरच्या अंगाचं पाणी भरायला लावून आपली नदी कागदावर स्वच्छ ठेवणाऱ्या आमच्या साहेबांचे मी विशेष आभार मानतो.” एवढ्यावर थांबते तर ते साडू कसले! पिशवीतून खालच्या अंगाच्या चहारंगी पाण्याची सरकारी बाटली काढून त्यांनी ती प्रमुख पाहुण्यांपुढे ठेवली आणि अदबीनं सांगितलं, “एक घोट घ्यावा, ही विनंती.” पाहुणे खुर्चीसकट मागे सरकले. संध्याकाळपर्यंत तो घोट सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी साडूंवर गुन्हा दाखल झाला. शासकीय नमुन्याची चोरी आणि सरकारी कामात अडथळा. पोलीस घरी येणार अशी कुणकुण लागताच साडू मागच्या दारानं निघाले ते थेट पेणला, माझ्या गणपतीच्या कारखान्यात. वकिलांनी अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला आणि बजावलं, निकाल लागेपर्यंत कोणाच्या नजरेस पडायचं नाही. मी त्यांना आतल्या खोलीत, रंग वाळत ठेवलेल्या मूर्तींमध्ये बसवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बाहेर गिऱ्हाइकांना मूर्ती दाखवत होते.

त्यातच एक दिवस रोह्याचे हवालदार घरचा गणपती ठरवायला आले. ते साडूंच्या ओळखीतले. मी मूर्तीआड झालो. साडू मात्र पुढे. हवालदार दचकले, टोपी काढून घाम पुसला आणि छताकडे बघत म्हणाले, “साहेब, मी तुम्हांला बघितला नाय.”

“असं कसं?” साडू दुखावले. “नीट बघा ना. मिशी काढलीय म्हणून वाटत असेल.”

“अहो, नाय बघितला म्हणतोय ना! मी सुट्टीवर हाय. त्यो उंदरावर बसलेला दाखवा.”

साडूंनी तो दाखवला, भावात सूट मिळवून दिली आणि सुट्टी काढून आल्याबद्दल हवालदारांचे आभार मानले.

कारखान्यात मात्र दोन तट पडले. गणपतीचे डोळे आखणारा आमचा दत्तू पेंटर हा करारी माणूस. ब्रश न हलवता तो म्हणायचा, “खरं बोलला ना? मग पाय लावून पळायचं कशाला? पळतो तो चोर.” रोह्याचे यूसुफभाय आमच्या मूर्ती टेम्पोतून पोचवतात. ते उसळायचे, “आन नाय पळाला तर काय आत बसून मच्छर मारंल? चोरी करणारा खुर्चीवर, दाखवणारा कोठडीत, ह्यो कुठला हिशेब? माझा पोरगा तिकडं आखातात बसून त्यो व्हिडिओ लोकांना दाखवतो. म्हणतो, हा आमच्या गावचा वाघ!” “वाघ मागच्या दारानं जात नाय,” दत्तू बोलायचा, आणि एखाद्या गणपतीची भुवई नको तेवढी वर जायची. साडू दोघांच्या मध्ये बसून, ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्याकडे बघून मान हलवायचे.

एकदा मी सरळ विचारलं, “साडू, पण तुम्ही पळालात का?”

“सभेत बोललो तोवर शूर होतो हो,” ते म्हणाले. “घरी येऊन शर्ट काढला आणि भीती वाटायला लागली.”

पण त्यांना खरी भीती पोलिसांची नव्हती. ती होती माझ्या मेहुणीची. तिनं नवऱ्याच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मागच्या दारानं पळाल्यावरून बोलणं टाकलं होतं. रोज साडू फोन करायचे, रोज ती तो उचलून कानाला लावायची आणि गप्प राहायची. एका दुपारी ती बोलली. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. “जाताना चोरासारखे गेलात. आता येणार असाल तर पुढच्या दारानं या. दिवसाउजेडी, चार लोकांदेखत. तसं जमत नसेल तर भावोजींकडेच राहा. मी माझ्या दारात फरार माणूस घेणार नाही.” फोन ठेवल्यावर साडूंनी पहिल्यांदाच कोणाचे आभार मानले नाहीत. जेवलेही नाहीत. वकिलांच्या अर्जाचा निकाल अजून लागायचा होता. बाहेर पडावं तर अटक, आत राहावं तर घर गेलं.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या एका मंडळाची मोठी मूर्ती निघायची होती. यूसुफभायनी टेम्पो लावला, मूर्तीच्या तोंडावर रिवाजाप्रमाणे कापड बांधलं, आणि बघतो तर मूर्ती धरायला साडू मागे चढलेले. स्वतःच्याही तोंडाला त्यांनी पंचा गुंडाळला होता. “वकील ओरडतील!” मी म्हणालो. “ओरडू देत,” पंच्यातून आवाज आला, “ते ओरडले तर दाराबाहेर उभं नाही राहावं लागत.” मग मीही चढलो. वाटेतलं कासू गाव मागे पडलं, तसा पंचा घामानं भिजला, पण साडूंनी तो सोडला नाही.

रोह्याच्या वेशीवर सारं गाव लोटलेलं. खालूबाजा वाजत होता, गुलाल उडत होता, धाटावच्या कारखान्यांतली पहिली शिफ्ट सुटलेली पोरं कंपनीच्या कपड्यांतच नाचत होती. टेम्पो दिसताच अशी आरोळी उठली की माझ्या अंगावर काटा आला. आणि आमच्या साडूंना काय वाटलं असेल? ही आरोळी आपल्यासाठीच, असं वाटलं! त्यांनी पंचा सोडला, हात जोडले आणि सुरुवात केली, “माझ्या स्वागतासाठी आपण एवढ्या मोठ्या संख्येनं...”

बाजा थांबला. हजार डोळे गणपतीवरून सरकून साडूंवर आले. मी मूर्तीच्या पाठीमागे होतो नव्हतो तेवढा लपलो. तेवढ्यात खालच्या गावची एक कोळीण, डोक्यावरची पाटी सावरत पुढे आली आणि ओरडली, “अगो बायांनो, ह्यो तर त्यो पानीवाला साहेब! मिशी खाल्ली काय रं कोणी? आमच्या खाडीसाठी बोलला तो ह्योच!” मग शिफ्टवाल्या पोरांनी पुन्हा आरोळी ठोकली, आणि ही मात्र खरोखरच साडूंची होती. पोरांनी त्यांना टेम्पोतून उचलून खांद्यावर घेतलं. खालूबाजावाले दुप्पट जोरात फुंकायला लागले. बंदोबस्ताला उभे होते तेच हवालदार. साडूंनी खांद्यावरून दोन्ही मनगटं त्यांच्यापुढे धरली. हवालदार कानात ओरडले, “आज बाप्पा आलाय, साहेब. उद्या सकाळी चौकीवर या. आपल्या पायानं या म्हणजे झालं.”

मिरवणूक साडूंच्या आळीत वळली. पुढचं दार सताड उघडं होतं. मेहुणी उंबऱ्यावर उभी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. पोरांनी त्यांना खाली उतरवलं. तिनं भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, “मिशी वाढवा आधी. ओळखू येत नाही तुम्ही.” एवढं बोलून ती आत वळली, कारण तिचे डोळे आम्हांला दिसू नयेत असं तिला वाटत असावं. यूसुफभायनी मात्र सर्वांदेखत नाक शिंकरलं.

दुसऱ्या सकाळी साडू आपल्या पायानं चौकीवर गेले. नोटीस देऊन त्यांना घरी सोडलं. खटला अजून चालू आहे, खात्यानं केलेलं निलंबनही. वीर की गुन्हेगार, याचा निकाल पेणच्या कारखान्यात लागला नाही आणि कोर्टातही लागलेला नाही. साडू म्हणतात, दोन्ही बाजूंचे वकील मला ‘आरोपी’च म्हणतात, तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत आहे. नमुने मात्र आता नाल्याच्या खालच्या अंगाला भरले जातात. भरणारा माणूस नवा आहे, आणि काठावर गावातली माणसं बघत उभी असतात.

परवा रोह्याला गेलो, तर साडू त्याच माणसांत उभे होते. नवा माणूस गुडघाभर पाण्यात वाकला होता. साडू एकदाही त्याच्याशी बोलले नाहीत. बाटली भरण्याआधी त्याच पाण्यानं विसळायची असते. तो विसळायला लागला, तेव्हा माझं लक्ष साडूंकडे गेलं. त्यांचे रिकामे हात पोटापाशी, आपले आपण, गोल फिरत होते.