रिकाम्या ट्रॉलीवरचे पंचेचाळीस किलो

सिंदीच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये माझ्याआधी वजनकाट्यावर जी मावशी बसायची, तिनं मला वाचवलं. हे आधी सांगते, मग बाकीचं.

मी नववीतून शाळा सोडलेली, गाव पार भामरागडच्या पलीकडे. मावशीनंच मला कॉम्प्युटर शिकवला, आणि मग ती पिपरी मेघेला लेकीकडे राहायला गेली. कापसाची ट्रॉली भरलेली मोजायची, रिकामी झाली की परत मोजायची, काट्याच्या डब्यावर लाल दिव्यांत दिसणारा आकडा कॉम्प्युटरात टाकायचा. त्यातला प्रोग्रॅम कोणत्या ट्रॉलीला आपण काय करतो ते बघून ठेवतो. पुढचं फिकट अक्षरांत तोच लिहितो, आपण फक्त एंटर दाबायचं. मावशीच्या सवयी त्यात इतक्या मुरलेल्या, की वाटायचं, खुर्चीत माझ्याआधीच कोणी बसलेलं आहे.

हंगाम सुरू झाला आणि एक निळी ट्रॉली आली. ट्रॅक्टरवर एक जवान माणूस, मागे कोणी नाही. ट्रॉली रिकामी होऊन काट्यावर चढली. मी आकडा टाकला, तर त्याच्या जागी पंचेचाळीस किलोनं कमी आकडा फिकट उमटला. पुसला. पुन्हा तेच.

मागे जिनिंगचे शेठ उभे होते.

"काट्यावर एक, इथं एक? रिकामी कमी लिहून कापूस वाढवते? कोणाच्या घरी चालले एवढे पैसे?"

"मी नाही टाकलं, शेठ. तो आपणच टाकतो."

"मशीन चोर, आन् तू साधी? उद्या गावाची बस धरजो."

तशीच मावशीला फोन लावला, शेठनाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर, आणि सगळं सांगितलं.

"निळी ट्रॉली काय?" मावशी म्हणाली. "शेठ, पोरीले बोलू नका, ते माझं काम हाय. भरलेली मोजतांनी म्हातारा खाली असते, रिकामी झाली का तिच्यावर बसते. गुडघे गेले त्याचे, हमाल उचलून बसवतात. त्याचं वजन ट्रॉलीत धरलं का कापूस तेवढा कमी भरते. म्हणून मी दरवेळी त्याले वजा करत होती. मशीन पाहून पाहून शिकली असंन."

"मले काऊन नाई सांगितलं?" शेठनी विचारलं.

"तुम्ही त्याले उतरवलं असतं." मग थांबून, "काऊन, म्हातारा नाई आला आज?"

खिडकीशी उभा असलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाबा दिवाळीच्या आधीच गेले, मावशी."

ट्रॉलीच्या कोपऱ्यात बसायला घडी घातलेलं पोतं तसंच होतं.

"खरा आकडा टाक, गाडी सोड," शेठ हळूच म्हणाले. बसचं पुन्हा निघालं नाही.

निळी ट्रॉली अजून येते. फिकट आकडा अजून उमटतो. प्रोग्रॅमवाल्याला सांगून तो काढता येतो म्हणे. शेठनी सांगितलं नाही, मीही आठवण दिली नाही. पण पुसण्याआधी खिडकीतून एकदा ट्रॉलीवर बघते. न बघता पुसला आणि म्हातारा बसलेला असला तर, अशी भीती वाटते.

मावशीचेही गुडघे आता दुखतात. ती नागपूरच्या पुढे कधी गेली नाही. एक दिवस तिला माझ्या गावी नेईन, माझ्या आईला भेटवीन. तिला बसची पायरी चढता आली नाही, तर उचलून चढवीन. तेवढं तरी फेडीनच.