बावन्न पौंडांचा ताण

विजेत्यांचे चेहरे तुम्ही पडद्यावर पाहता. मी तुम्हाला मामा दाखवतो. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची बिनखिडकीची खोली, एक यंत्र, तारांची रिळं आणि टेनिसच्या रॅकेटवर तारा ओढणारा हा माणूस. त्याच्या दोन्ही भाच्या इथेच खेळायच्या, म्हणून तो अख्ख्या मैदानाचा मामा. नाटकात काम करणं सोडल्यावर माझ्या दुपारी त्याच्याकडेच जात.

थोरलीला तारा सैल लागत, बावन्न पौंड ताणाच्या. धाकटीला सत्तावन्न, कडक. थोरलीचा चेंडू रॅकेटच्या मध्यावर न लागता मुठीकडे दोन बोटं खाली लागायचा, तिथेच तारांवर खाचा पडत. धाकटीच्या बरोबर मधोमध.

"सह्या आहेत या त्यांच्या," मामा म्हणायचा. "चेकवर चालत नाहीत, एवढंच."

थोरली सलग तीन वर्षं विजेती. धाकटी उपांत्य फेरीत हटकून ढेपाळायची. मग थोरली आजारी पडली आणि महिन्याभरात गेली. अठ्ठावीस वर्षांची पोर.

पुढच्या स्पर्धेच्या सकाळी मामाचे डोळे भरलेले होते, हात मात्र सवयीने चालत होते. धाकटीची रॅकेट त्याने बावन्नने ओढली. चूक लक्षात आली तेव्हा ती कोर्टावर पोचली होती. ती जिंकली. रॅकेट परत आली, तर खाचा मुठीकडे, दोन बोटं खाली.

"तारा सैल होत्या, म्हणून असेल," मी म्हणालो.

"नटोबा, तीस वर्षं हेच करतोय मी. ताणाने जागा बदलत नाही. जागा हाताची असते."

धाकटी एवढंच म्हणाली, "मामा, असंच ओढत जा."

दोन वर्षं ती जिंकतच राहिली. मुलाखतीत "आम्ही जिंकलो" म्हणायची. लोकांना तो विनय वाटायचा. मामा आणि मी एकमेकांकडे बघणं टाळायचो.

मोठ्या अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी ती आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मामा, खरं सांग. कोण खेळतंय?"

"तूच की गं."

"माझ्याकडे बघून सांग."

मामा यंत्राकडेच बघत राहिला.

"एकदा तरी माझं मला जिंकू दे. सत्तावन्नने ओढ. सगळ्या."

दुसऱ्या दिवशी ती सरळ दोन सेटमध्ये हरली. गळ्यात टॉवेल तसाच, थेट खोलीत आली. रॅकेट टेबलावर ठेवली. खाचा बरोबर मधोमध. त्यांवरून बोटं फिरवत ती लहान मुलीसारखी हसली.

"माझ्या आहेत! मामा, माझ्या!"

मी टाळ्या वाजवल्या. "काय झोकात हरलीस गं! मी उभ्या आयुष्यात एवढ्या थाटात पडलो नाही."

"तुम्ही पडलात की पडदा तरी पडायचा, काका," ती म्हणाली. मग तिचं हसू हळूहळू विझलं.

"सर्व्हिसला उभी राहिले ना मामा, तर मागे कुणीच नव्हतं. एवढ्या गर्दीत इतकी एकटी मी कधीच नव्हते."

मामाने जुन्या तारा कापून काढल्या.

"पुढच्या आठवड्यासाठी किती ठेवू?" त्याने विचारलं.

तिने रॅकेटच्या रिकाम्या चौकटीतून पलीकडे पाहिलं.

"बावन्न."

मामाने काटा फिरवला आणि पहिली तार ओढली. धाकटी बाकावर किंचित सरकून बसली, शेजारी एका माणसापुरती जागा करून.